पाठीमागची गर्दी

क्लार्कनवेलच्या त्या गल्लीत खाली ओळीनं घड्याळवाल्यांची दुकानं होती, आणि वरच्या मजल्यावर, उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहायचा तिथं, जोसाया पेनफोल्ड यांचा चित्रं कोरण्याचा कारखाना होता. टॅबिथा रेनशॉ कोपऱ्यातल्या खिडकीशी बसायची. समोर वाळू भरलेली गोल चामडी उशी, उशीवर हाताच्या पंजाएवढा लाकडी ठसा आणि मुठीत पोलादी कोरणी. थंडीच्या दिवसांत बोटं आखडायची, मग ती चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसायची आणि पुन्हा कामाला लागायची.

काम सांगायला सोपं होतं. कादंबरीचा अंक दर महिन्याला निघायचा आणि प्रत्येक अंकात दोन चित्रं असायची. चित्रकार ठशाच्या पांढरा लेप दिलेल्या पृष्ठभागावर पेन्सिलीनं चित्र काढून द्यायचा. टॅबिथानं त्याच्या रेषा तेवढ्या राखायच्या आणि मधलं लाकूड कोरून काढायचं. राखलं ते कागदावर काळं उमटायचं, काढलं ते पांढरं. शिवाय सगळं उलटं व्हायचं. ठशावर जे डावीकडे, ते छापल्यावर उजवीकडे. या कामात इतकी वर्षं घालवूनही एखाद्या चित्रात दुकानाची पाटी आली, की ती उलटी अक्षरं तिला एकेक करून लावत जावी लागायची.

त्या वर्षीची कादंबरी देश सोडून निघालेल्या माणसांची होती. तिची चित्रं ऑबरी स्टॅनिफोर्थ काढायचे. हाताला कंप सुटायला लागल्यापासून म्हातारा पुढची दोन-चार माणसं मन लावून काढायचा आणि मागं नुसते अंडाकार गोळे ठेवायचा. वसंतातल्या अंकाचं चित्र घेऊन ते स्वतःच जिना चढून आले. बंदराचा धक्का, शिडाचं जहाज, निरोप देणारी नायिका, आणि तिच्यामागं गोळेच गोळे.

"ही पाठीमागची गर्दी तेवढी तुम्ही भरा, मिस रेनशॉ," धापा टाकत ते म्हणाले. "मला आता एवढे चेहरे सुचत नाहीत."

"कसे भरू? म्हातारे, तरणे, काय हवंय तुम्हाला?"

"काहीही. गर्दीकडे कोण बघतंय?"

टॅबिथानं ते गोळे भरले. ठरवून असं काही केलं नाही. कोरणी वळेल तसं नाक, कोरणी अडेल तिथं भुवई. एकदा हात जरा घसरला आणि मागच्या ओळीतल्या एका दाढीवाल्याच्या कपाळावर, एका डोळ्याच्या वर, बारीक चर उठला. खाडाखोड करण्यापेक्षा तिनं त्याचा जखमेचा वण करून टाकला. उजेड चित्राच्या डाव्या अंगानं येत होता, म्हणून सगळ्यांच्या दुसऱ्या गालावर तिनं आपल्या नेहमीच्या तिरक्या रेघांची सावली घातली. ठसा गेला, अंक निघाला, पुस्तकांच्या दुकानांच्या काचेमागं ते पान लागलं आणि येणारे-जाणारे उभे राहून बघू लागले. नेहमीसारखंच.

अंक निघून फार दिवस झाले नव्हते, तोच एक बाई कारखान्यात आली. काळी शाल, मिठाच्या पाण्यानं उललेले हात. केझिया प्लमर, डेप्टफर्डहून आलेय, म्हणाली. पदराखालून काढावं तसं तिनं शालीतून घडी केलेलं पान काढलं आणि टॅबिथाच्या टेबलावर पसरलं.

"हे चित्र कोरणारी तूच ना, बाई? मग सांग, हा तुला कुठं भेटला?"

तिचं बोट दाढीवाल्यावर होतं.

"कुठंच नाही भेटला. मनानं कोरलाय मी तो," टॅबिथा म्हणाली.

"मनानं? माझ्या नवऱ्याचा कान फाटका आहे ते तुझ्या मनाला कसं कळलं गं?" केझियानं बोट वर सरकवलं. "हा एड्विन आहे. वालपराइसोला गेलेली त्याची बोट परत आली नाही, त्याला आता चार हिवाळे झाले. फक्त एक चुकलंय तुझं. त्याला दोरखंडाचा फटका बसला होता तो उजव्या डोळ्यावर. तू वण डाव्या डोळ्यावर घातलायस."

टॅबिथानं तिला ठशाचं उलटं-सुलटं समजावून सांगितलं. मग सावकाश, शक्य तितक्या मऊपणानं म्हणाली, "अहो, गर्दीत एवढे चेहरे असतात, एखादा कुणासारखा तरी दिसतोच."

"माझं डोकं फिरलंय म्हणायचं असेल तर सरळ म्हण की," केझिया म्हणाली. पण रागावली नाही. पान पुन्हा घडी करून तिनं छातीशी ठेवलं. "कुठं का असेना, धक्क्यावर उभा आहे. एवढं पुरे मला."

पुढचा अंक निघायच्या आत ती पुन्हा आली. या वेळी जिन्यावर तिच्याबरोबर दुसरीही पावलं वाजत होती.

"तुझे आभार मानायला आणलंय त्याला," दारातूनच ती ओरडली. हसत होती, रडत होती. "आत ये ना रे! लाजतोस काय? परवा सकाळी चूल पेटवत होते, तर हा दारात उभा."

माणूस उंच होता. दाढी, फाटका कान. तो खिडकीपाशी आला आणि टोपी काढून उभा राहिला. वण डाव्या डोळ्यावर होता.

टॅबिथानं केझियाकडे बघितलं. केझियानं नजर चुकवली.

"माझंच चुकलं असेल," ती पुटपुटली. "इतक्या वर्षांत माणूस विसरतं बाई, डावं की उजवं."

"बरे आहात ना, मिस्टर प्लमर?" काहीतरी बोलायचं म्हणून टॅबिथानं विचारलं.

"बराय," तो म्हणाला. आवाज कोरडा होता.

"पूर्वी अख्ख्या गल्लीला पेपर वाचून दाखवायचा," केझिया घाईघाईनं सांगू लागली. "आता हातात घेतो नि टाकून देतो. म्हणतो, हल्ली अक्षरं वेडीवाकडी छापतात. डोळे दाखवायला हवेत कुणाला तरी."

टेबलावर नव्या अंकाचा ठसा होता. बंदरावरचं दुकान, आणि दुकानावर आदल्या दिवशीच कोरून झालेली उलटी पाटी. माणसाची नजर तिच्यावर गेली. त्यानं मान वाकवली आणि जराही न अडखळता, शाळेतल्या पोरानं धडा म्हणावा तसं वाचलं:

"'दोर, शिडं आणि नांगर. दर्यावर्दींना लागणारं सर्व सामान मिळेल.'"

"बघ! वाचतोय की!" केझियानं टाळी वाजवली.

टॅबिथा त्याच्या गालाकडे बघत होती. तो वाकला तेव्हा खिडकीचा सगळा उजेड त्याच्या उजव्या गालावर पडायला हवा होता, आणि तोच गाल काळसर राहिला होता. तो सरळ झाला, वळला, दाराकडे चालू लागला. सावली गालावरून हलली नाही. जवळून जाताना तिला दिसलं, की ती सावली सलग नव्हती. बारीक, तिरक्या, एकमेकींना कुठंही न टेकणाऱ्या रेघा होत्या. तो उतार कुणाच्या हाताचा होता ते तिला ओळखायला वेळ लागला नाही.

त्या दिवसापासून ती गर्दीत नुसत्या टोप्या आणि पाठी कोरू लागली. पेनफोल्डसाहेब कुरकुरले.

"अहो मिस रेनशॉ, ही सगळी माणसं आपल्यावर रुसून बसलीत की काय? एकाचंही तोंड दिसत नाही!"

"गर्दीकडे कोण बघतंय?" टॅबिथा म्हणाली, आणि खाली मान घालून कोरत राहिली.

पेंटनव्हिलच्या घरात ती आणि तिची आई अशा दोघीच राहत. आई घरबसल्या गवती टोप्यांना फिती लावून द्यायची. तिच्या कपड्यांना, खुर्चीला, कधीकधी ब्रेडलासुद्धा दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. पूर्वी त्या घरात तिसरीही होती. धाकटी ड्रुसिला. नोव्हेंबरातल्या एका दाट धुक्याच्या दुपारी ती कोपऱ्यावरून दोऱ्याचं रीळ आणायला म्हणून बाहेर पडली आणि परत आली नाही. पोलिसांनी कालवा धुंडाळला, इस्पितळं पाहिली. काही मिळालं नाही. घरमालकानं भाडं वाढवलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, दोघींना एवढं घर कशाला? आई म्हणाली, मग ड्रू आली की कुठं जाईल? 

प्लमर नवराबायकोची गोष्ट टॅबिथानं घरी सांगायला नको होती. पण पोटात ठेवून ठेवून तिला जेवण जाईना, तेव्हा एका रविवारी मटणाचा रस्सा वाढता वाढता तिनं सांगून टाकली. वणाचंही सांगितलं, सावलीचंही.

आईनं चमचा खाली ठेवला.

"आणि ती बाई सुखात आहे?"

"आई, तो माणूस नाहीये. माझ्या रेघा आहेत गं त्या."

"मी विचारलं, ती सुखात आहे का?"

टॅबिथा रस्सा वाढत राहिली.

"तुझ्या हातात एवढं आहे," आई म्हणाली, "आणि तू टोप्या कोरतेयस."

"नाही करायची मी. माझ्यानं होणार नाही."

आईनं पुन्हा तो विषय काढला नाही. तेच अवघड गेलं. ती सकाळी फिती लावायची, दुपारी फिती लावायची, जेवताना ताटाकडे बघत जेवायची. कधीतरी टॅबिथा नजर वर करी, तर आई तिच्या हातांकडे बघत असे.

कादंबरी संपत आली. शेवटच्या अंकासाठी स्टॅनिफोर्थनी पुन्हा तोच धक्का काढला. या वेळी चित्र दुप्पट मोठं, दोन पानांवर पसरणारं. म्हातारा आजारी होता, ठसा नोकराबरोबर आला. धक्क्यावर नायिका होती, जहाज होतं, आणि कठड्याच्या मागं गोळे.

टॅबिथानं आधी सगळं बाकीचं उरकलं. आकाश कोरलं, शिडं कोरली, पाणी कोरलं. कठड्याशी एक गोळा उरला. तिनं कोरणी पुसून ठेवली, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा उचलली. मग टेबलाच्या खणातला छोटा आरसा काढून ठशासमोर टेकवला. छापल्यावर जे दिसणार ते आरशात दिसतं. आता निदान डावं-उजवं चुकणार नव्हतं. डाव्या डोळ्याखाली तीळ. ओठांची एक कड जरा वर, कारण ड्रू नेहमी हसायच्या बेतात असायची. हे आलं. पण हनुवटी आठवेना. डोळे मिटले तरी आठवेना. धाकट्या बहिणीच्या चेहऱ्याच्या जागी खाली नुसतं धुकं दिसायचं. शेवटी तिनं आरसा स्वतःकडे वळवला आणि आपली हनुवटी तिला दिली. सगळे म्हणायचेच, दोघी सारख्या दिसता.

एक हात कठड्यावर ठेवला. दुसऱ्या हाताला जागा नव्हती, पुढच्या माणसाचा खांदा येत होता. तो शालीखाली घेतला. गालावर थोडी सावली घातल्याशिवाय चेहरा उठून दिसेना, म्हणून थोडी, अगदी थोडी घातली.

अंक निघाला त्या आठवड्यात पाऊस होता. टॅबिथा रोज घरी येताना कोपऱ्यावरूनच खिडकीकडे बघायची. एका संध्याकाळी, अजून चांगला उजेड होता तेव्हा, तिला आतून आईचं हसणं ऐकू आलं. आईचं हसणं असं असतं हे ती विसरून गेली होती.

ड्रू टेबलाशी बसली होती. अंगावर शाल, एक हात टेबलाच्या कडेवर. डाव्या डोळ्याखाली तीळ.

"टॅबे, किती उशीर!" आई म्हणाली. "बघतेस काय अशी? चहा ओत तिला."

टॅबिथानं चहा ओतला. थोडा बशीत सांडला. ड्रू तिच्याकडे बघून हसली, ओठांची एक कड जरा वर करून. टॅबिथाला भीती वाटत होती, तरी ती खुर्चीजवळ गेली आणि बहिणीच्या केसांवर हात ठेवला. केस थंड होते आणि त्यांना शाईचा वास होता.

"कुठं होतीस गं?" तिनं विचारलं.

"धक्क्यावर," ड्रू म्हणाली. "सगळे अगदी खेटून उभे असतात. सगळे जहाजाकडे बघतात." मग म्हणाली, "जहाज सुटत नाही."

"नको आता ते," आई म्हणाली. "आली ना? झालं तर."

मग खरोखरच झालं. उन्हाळा सुरू झाला. आई गाणी म्हणत फिती लावायची. सकाळी ओढ्यातली हिरवी पालेभाजी विकणारी पोरगी दारावरून ओरडत जायची, आई ब्रेडवर लोणी आणि ती पालेभाजी घालून ड्रूसमोर ठेवायची आणि थोड्या वेळानं तशीच उचलून न्यायची. ड्रू फारसं बोलत नसे. ती टेबलाशी बसून असायची, उजेड कुठूनही येवो, एकच गाल काळसर. शालीखालचा हात तिनं कधी बाहेर काढला नाही.

"काढ की गं, उकडतंय," आई एकदा म्हणाली. ड्रू नुसती हसली. टॅबिथा उठून बाहेर गेली. शालीखाली तिनं हात कोरलाच नव्हता.

कधीकधी कामावरून येऊन ती समोर बसे, आणि टेबलापलीकडून स्वतःचीच हनुवटी तिच्याकडे बघत असे. तरीसुद्धा, कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की त्या दिवसांत ती सुखी होती. घरात तीन कप लागत होते.

केझिया प्लमर तिसऱ्यांदा आली ती भर सकाळी. जिना कशी चढली कुणास ठाऊक. दारात आल्यावर तिनं चौकट धरली. टॅबिथानं तिला आपल्या स्टुलावर बसवलं.

"गेला," केझिया म्हणाली.

"कुठं गेला?"

"काल न्याहारीला बसला होता. मी किपर मासा तव्यावरून काढला, वळले. कोट खुर्चीवर होता." तिनं दोन्ही हातांनी हवेत आकार करून दाखवला. "बटणं लावलेला. बाह्या टेबलावर. आत कुणी नव्हतं, बाई."

टॅबिथा उठून पेनफोल्डसाहेबांकडे गेली.

"साहेब, वसंताच्या अंकातला तो धक्क्याचा ठसा. जहाजाचा. कुठंय तो?"

"तो होय? पुस्तकात धक्क्याचं ते मोठंच चित्र घेतायत, मग एवढं चांगलं लाकूड कोण ठेवून देतं? काल सकाळीच रंधा मारायला दिला." पेनफोल्डनी चष्म्यावरून बघितलं. "गुळगुळीत करून पुन्हा वापरायला घेऊ. का हो? रंग उडाला तुमचा."

"आणि शेवटच्या अंकातला? मोठा?"

"त्याला काय होतंय! कादंबरी जोरात चाललीय, आता सगळे अंक एकत्र बांधून पुस्तक निघणार. तो ठसा छापखान्यात परत चढलाय. हजारांनी प्रती काढायच्यात."

टॅबिथानं शालसुद्धा घेतली नाही.

छापखाना फ्लीट स्ट्रीटमागच्या बोळात होता. जमीन वाफेच्या यंत्रानं हादरत होती आणि हवेत तेलाचा, शाईचा वास दाटला होता. मुकादम तिला ओळखत होता. तिनं कोरलेले ठसे त्याच्याच हातून यंत्रावर चढायचे. त्यानं एक ओला ताव उचलून तिच्यापुढं धरला.

"तुम्हाला बोलावणारच होतो आम्ही," यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला. "बघा, सुटायला लागलाय."

ठशाचं लाकूड ज्यांचं, ती झाडं बारीक खोडाची असतात; मोठं चित्र हवं असेल, तर लहान लहान तुकडे शेजारी ठेवून, मागून बोल्टनं आवळून एक ठसा करावा लागतो. टॅबिथाला हे तिच्या नावाइतकं माहीत होतं. जोड नवा असताना दिसत नाही. यंत्राचा दाब हजारो वेळा बसला, की तो सैलावतो आणि छापात केसाएवढी पांढरी रेघ उमटते, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

तावावर ती उमटली होती. आकाशातून निघून शिडावरून, कठड्याशी उभ्या असलेल्या मुलीच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून खाली पाण्यात गेली होती.

"थांबवा," टॅबिथा म्हणाली. "यंत्र थांबवा. मी पाया पडते तुमच्या."

"अहो, एका रेघेसाठी? वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही ती."

"मला तो ठसा द्या. मी घरी नेते. नीट करून आणते."

"प्रकाशकाची वस्तू मी तुम्हाला कशी देऊ? दुपारच्या सुट्टीत बोल्ट आवळतो, झालं?" त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि जरा वरमला. "फार तर काय होईल बाई, आणखी थोडी रुंदावेल."

ती पळत निघाली. हॉलबर्नच्या चढावर घोडागाड्यांची रांग अडकली होती. ती त्यांच्यामधून गेली, कुणीतरी शिवी दिली, तिला ऐकू आली नाही. घरी येईपर्यंत तिच्या तोंडाला रक्ताची चव आली होती.

आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं. शांत, नेहमीसारखं.

टॅबिथानं दार ढकललं.

आई ड्रूपुढं वाकून उभी होती. टेबलावर फितींचा ढीग होता, खिडकीतून ऊन येत होतं.

"आलीस? बरं झालं," मागं न वळता आई म्हणाली. "जरा बघ गं, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. हिच्या तोंडावर दोरा चिकटलाय."

"आई, हात लावू नकोस."

"अगं, दोराच आहे. कपाळापासून पार खालपर्यंत आलाय बघ. मघाशी बारीक होता."

ड्रू टॅबिथाकडे बघत होती. ओठांची एक कड जरा वर होती. पण दुसरी बाजू तिच्याशी जुळत नव्हती, किंचित खाली सरकली होती.

दोन्ही बाजूंच्या मधे एक पांढरी रेघ होती, आणि त्या रेघेतून मागच्या भिंतीच्या कागदावरचं निळं फूल दिसत होतं.

"हलू नकोस हं, सोन्या," आई म्हणाली.

तिनं चिमूट केली आणि दोरा धरायला हात पुढं नेला. चिमटीत काही आलं नाही. तिची दोन्ही बोटं पहिल्या पेरापर्यंत आत गेली होती, आणि ड्रू अजून हसत होती.